बेसबॉल कार्डांचा जुना सेट फोडून विकताना

सेट फोडायचा, म्हणजे अख्खा घेऊन कार्डं सुटी विकायची असतील, तर हिशेब खरेदीच्या आधी मांडा. टॉप्स या कार्ड कंपनीचा १९७२ चा सेट घ्या. कार्डं ७८७, पण खेळ सगळा मोजक्यांवर: नोलन रायन (कार्ड क्रमांक ५९५), कार्लटन फिस्कचं रुकी, म्हणजे पदार्पणाच्या काळातलं कार्ड (७९), क्लेमेंटे (३०९) आणि शेवटची मालिका, म्हणजे ६५७ ते ७८७. ही हाय नंबर कार्डं बाजारात कमी आहेत. सेट पुरा करणारे इथेच अडतात, म्हणून त्यातला अनोळखी खेळाडूही सुटा विकला जातो.

स्टार आणि हाय नंबर कार्डांची बेरीज करा, तीही झालेल्या विक्रीच्या भावाने. मागितलेल्या भावाला काही अर्थ नाही. त्यातून ईबेचं साधारण १३ टक्के शुल्क आणि टपालखर्च वजा करा. एवढ्यात मुद्दल सुटत नसेल तर सेट सोडा. कॉमन, म्हणजे साध्या खेळाडूंच्या कार्डांवर नफा काढू म्हणणारे बहुतेक तिथेच फसतात.

विकणाऱ्याने चांगलं रायन आधीच काढून मळकं घातलेलं असू शकतं, म्हणून स्टार कार्डं पाकिटातून बाहेर काढूनच बघा. कार्ड तिरपं धरून उजेडात फिरवलं की बारीक घड्या दिसतात. त्याच सेटच्या कॉमनवर ठेवून पाहा. आखूड भरलं आणि कड नको तितकी धारदार असेल तर छाटलेलं असण्याची शंका घ्या. दहापटीच्या भिंगाखाली चित्र ठिपक्यांचं, पण काळी अक्षरं सलग दिसायला हवीत. अक्षरंही ठिपक्यांची असतील तर स्कॅन करून छापलेली नक्कल समजा. वहीच्या (बाइंडरच्या) धातूच्या कड्यांजवळची कार्डं दबलेली असतात, पहिलं आणि शेवटचं रबरबँडने कापलेलं. चेकलिस्टवर, म्हणजे सेटमधल्या कार्डांची यादी छापलेल्या कार्डावर, पेनाच्या खुणा असतील तर भाव पडतो.

ग्रेडिंगला, म्हणजे शुल्क देऊन दर्जा ठरवून घ्यायला, फक्त तीच कार्डं पाठवा, ज्यांचा अपेक्षित ग्रेड शुल्काहून जास्त भाव वाढवेल. मधल्या दर्जाचं कॉमन पाठवणं म्हणजे पैसे घालवणं.

विक्रीची सुरुवात स्टारपासून. स्कॅन पुढचा-मागचा दोन्ही द्या, चारही कोपरे दिसू द्या. घडी लपवली तर कार्ड परत येतं, टपालखर्चासकट. हाय नंबर सुटे विका. उरलेल्या कॉमनचे संघवार गठ्ठे करा. त्या वर्षी २४ संघ होते, आणि एका संघाचे चाहते अख्खा गठ्ठा उचलतात.

पाठवताना कार्ड आधी पेनी स्लीव्हमध्ये (मऊ पातळ पाकिटात), मग टॉपलोडरमध्ये (कडक प्लॅस्टिकच्या खोळीत); थेट सरकवलं तर कोपरा दुमडतो. तोंडाला रंगाऱ्याची निळी टेप लावा, साधी चिकटपट्टी नको.