अशक्त वृद्ध रुग्णाचं पित्ताशय: काढायचं की नळी टाकायची?

पित्ताशयाला सूज आली की दोन मार्ग: शस्त्रक्रियेने ते काढायचं, किंवा कातडीतून त्यात नळी टाकून आतलं पित्त बाहेर काढायचं. वय ८४ आहे, एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारू नका. आजारपणाच्या दोन आठवडे आधी रुग्ण काय काय करत होता ते घरच्यांना विचारा: आंघोळ स्वतः? जिना? औषधं कोण देतं? त्यावरून १ ते ९ ची क्लिनिकल फ्रेल्टी स्केल भरा. ५ पासून पुढे अशक्तपणा धरायचा.

तापाची वाट पाहू नका. या वयात बऱ्याचदा ताप नसतो, पोट मऊ लागतं आणि आत पित्ताशय काळं पडलेलं असतं. जेवण तुटलं, बोलणं असंबद्ध झालं, तरी सोनोग्राफी करा. रक्तात बिलिरुबिन (काविळीत वाढणारं द्रव्य) चढलेलं किंवा पित्तनलिका फुगलेली असेल तर नलिकेत खडा आहे का ते आधी पाहा.

भूल झेपणार असेल तर त्याच भरतीत दुर्बिणीने पित्ताशय काढावं. नळी सोपी वाटते, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत जोखमीच्या रुग्णांत मोठी गुंतागुंत शस्त्रक्रियेनंतर १२ टक्के, तर नळीनंतर ६५ टक्के निघाली. मृत्यूंत मात्र ठळक फरक नव्हता, आणि अगदी अत्यवस्थ रुग्ण त्या चाचणीत घेतलेच नव्हते. नळी खरी त्यांच्यासाठी.

दुर्बिणीने काढताना पोटात वायू हळू भरा. दाब १२-१४ ऐवजी ८-१० मिमी पारा ठेवून भागतंय का पाहा. डोक्याची बाजू एकदम उचलली की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि बीपी कोसळतं. क्लिप लावण्याआधी पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना (त्याची नलिका आणि धमनी) सुट्या दिसल्या पाहिजेत, आणि पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून मोकळा. सगळं चिकटून एक गोळा झाला असेल तर तिथे हट्ट नको: पित्ताशय उघडा, खडे वेचा, मानेकडचा भाग राहू द्या, ड्रेन ठेवा. पित्त गळलं तर एंडोस्कोपीने स्टेंट टाकता येतो; कापली गेलेली मुख्य नलिका या शरीराला परवडत नाही.

नळीच टाकायची तर ८ ते १० फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीची पिगटेल, म्हणजे टोकाला वेटोळं असलेली नळी, शक्यतो यकृतातून. रोज ५-१० मिली सलाइनने हलकेच धुवा. काढण्याआधी, साधारण ३-६ आठवड्यांनी, नळीतून डाय सोडून एक्स-रे फोटो घ्या. भ्रमातला रुग्ण हमखास ती उपसतो, म्हणून कातडीला टाका घालून वर पोटपट्टा बांधा.

शस्त्रक्रियेनंतर झोपेसाठी डायझेपामसारखी गोळी नको, भ्रम वाढतो. शुद्धीवर येताच चष्मा नि श्रवणयंत्र परत द्या, आणि त्याच संध्याकाळी खुर्चीत बसवा.