पट्टा लावला की तुमचा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो?
मोकळा असताना मस्त खेळतो आणि पट्टा लावला की समोरच्यावर धावून जातो, हा दरवेळी राग नसतो, बऱ्याचदा भीती नाहीतर जाता येत नाही म्हणून चिडचिड असते. ओरडू नका, पट्टा खेचू तर अजिबात नका, त्याने अजून पेटतो. आधी अंतर वाढवा. तोंड मिटलं, अंग कडक झालं, नजर एकटक लागली की भुंकायच्या आधीच वळायचं. जिथून दुसरा कुत्रा दिसतो पण आपला अजून खाऊ घेतोय तिथे थांबा, त्याने तिकडे बघितलं रे बघितलं की लगेच खाऊ, कुत्रा गेला की खाऊ बंद, आणि हा क्रम उलटा नको. खाऊ पण रोजचे कोरडे दाणे नकोत, त्याला वेड लावणारं काहीतरी हवं. गळपट्ट्यापेक्षा हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) बरा, मानेला झटका बसत नाही.