डावा मेंदू, उजवा मेंदू: घरच्या घरी कसं तपासून बघायचं

गोल गोल फिरणाऱ्या बाईची ती काळी सावली तुम्हाला कधी ना कधी फॉरवर्ड आलीच असेल, घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसली तर तुम्ही उजव्या मेंदूचे म्हणजे कलाकार, उलटी फिरताना दिसली तर डाव्या मेंदूचे म्हणजे हिशोबी. नोबुयुकी कायाहारा नावाच्या जपानी डिझायनरने 2003 साली ते अ‍ॅनिमेशन केलं, आणि त्यात पुढचा पाय कुठला मागचा कुठला हे कळायला काही खूणच ठेवलेली नाहीये त्यामुळे ती दोन्हीकडे फिरताना दिसू शकते, बस इतकंच आहे ते. पण याच समजुतीवर आता मुलांसाठी राइट ब्रेनचे क्लासेस निघालेत, बोटांचे ठसे घेऊन मूल डाव्या मेंदूचं का उजव्या मेंदूचं ते सांगणाऱ्या डीएमआयटी टेस्ट निघाल्यात, आणि आईबाप पैसे भरतात. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने या ठशांच्या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं स्पष्ट सांगितलेलं आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण मेंदूचे दोन भाग खरोखरच वेगळे आहेत, कसे वेगळे आहेत ते फार सुंदर आहे आणि ते बघायला एक रुपया लागत नाही. म्हणून कसं बघायचं ते इथे सांगते.

सामान: कोरे कागद, दोन पेन्सिली, फूटपट्टी, हातभर लांबीची सरळ काठी, मोबाईल. आणि घरातली चार-पाच माणसं, त्यात एखादं डावखुरं असेल तर उत्तमच.

आधी वायरिंग समजून घ्या नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. मेंदूचा डावा अर्धा भाग शरीराची उजवी बाजू हलवतो आणि उजवा भाग डावी बाजू, कारण हातापायांना हुकूम नेणारे बहुतेक मज्जातंतू मस्तिष्कपुच्छापाशी, म्हणजे मानेच्या वर जिथे मेंदू संपून मज्जारज्जू सुरू होतो तिथे, एकमेकांना ओलांडून जातात. डोळ्यांचं मात्र लोक हमखास चुकीचं सांगतात, डावा डोळा उजव्या मेंदूला जोडलेला असतो असं नाही. नजर एका जागी रोखली की त्या जागेच्या डावीकडचं जे काही दिसतं ते दोन्ही डोळ्यांतून उजव्या मेंदूत जातं आणि उजवीकडचं सगळं डाव्या मेंदूत. आणि या दोन भागांच्या मधोमध कॉर्पस कॅलोसम नावाचा जाड पट्टा असतो, साधारण 20 कोटी तंतूंचा, त्याच्यातून इकडची माहिती तिकडे सतत जात असते. माहितीला इकडून तिकडे जायला किती वेळ लागतो ते पोफेनबर्गर नावाच्या माणसाने 1912 मध्येच मोजायचा प्रयत्न केला होता, डावीकडे दिवा लावून एकदा डाव्या हाताने बटण दाबायचं, एकदा उजव्या हाताने (उजव्या हातासाठी माहितीला पट्टा ओलांडावा लागतो), दोन्हीतला फरक येतो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजला तर तीन-चार. इतकं पटकन होतं म्हणून आपल्याला आपण एकच वाटतो.

आता पहिला प्रयोग, हा संवाद दाखवणारा. दोन हातांत दोन पेन्सिली घ्या, टेबलावर दोन कागद ठेवा, आणि एकाच वेळी डाव्या हाताने गोल आणि उजव्या हाताने चौकोन काढा. थांबायचं नाही, आधी हा मग तो असं करायचं नाही. चौकोनाचे कोपरे गोल व्हायला लागतात आणि गोलाला कोपरे फुटतात. याचं कारण दोन्ही बाजूंचे प्लॅन त्या पट्ट्यावरून एकमेकांपर्यंत पोचतात आणि एकमेकांत मिसळतात. हे कारण नुसतं अंदाजाने सांगितलेलं नाही हं, 1996 मध्ये ज्यांचा हा पट्टा ऑपरेशनने कापलेला होता अशा लोकांना दोन हातांनी वेगवेगळ्या दिशेच्या आकृत्या काढायला दिल्या आणि त्यांना ते आपल्यापेक्षा सहज जमलं! तुमचा चौकोन बिघडला तर तो पट्टा शाबूत असल्याची खूण आहे. एक मात्र आहे, सराव केला की जमायला लागतं, तबला-पेटी वाजवणारं कोणी असेल तर त्यांना बहुतेक लवकर जमेल, म्हणून सगळ्यांचा पहिलाच प्रयत्न जपून ठेवा.

दुसरा पटकन होणारा. खुर्चीत बसा, उजवा पाय थोडा उचलून घड्याळाच्या दिशेने फिरवत राहा आणि तो फिरत असताना उजव्या हाताने हवेत इंग्रजी आकडा 6 काढा (देवनागरी ६ नको, त्याला दोन वळणं आहेत). पाय उलटा फिरायला लागतो. मग तोच पाय आणि डावा हात घेऊन करून बघा, बऱ्याच जणांना आता सोपं जातं. उजवा हात आणि उजवा पाय दोघांचाही हुकूम डाव्या मेंदूतून निघतो, हे त्यातलं एक कारण.

तिसरा माझा सगळ्यात आवडता आणि याला थोडा वेळ द्या. काठी उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकावर उभी तोलायची आणि किती सेकंद टिकते ते दुसऱ्याने मोबाईलवर मोजायचं. मग डाव्या हाताने. हे आधी भरपूर वेळा करा, हात बसू दे, मगच खरं मोजायला घ्या. आता तेच करायचं पण बोलत बोलत, आज सकाळपासून काय काय केलं ते मोठ्याने सांगत राहायचं, पाढे म्हणू नका कारण पाढे पाठ असतात, वाक्य जुळवावं लागलं पाहिजे. प्रत्येक प्रकाराची सरासरी काढा. माणूस उजव्या हाताने काम करणारा असेल तर बोलताना उजव्या हातावरची काठी लवकर पडते आणि डाव्या हाताला तेवढा फरक पडत नाही. किन्सबोर्न आणि कुक यांनी 1971 मध्ये हा प्रयोग केला होता. बोलणं जुळवणारी जागा बहुतेकांच्या डाव्या मेंदूत असते आणि उजवा हातही तिथूनच चालतो, मग दोन्ही कामं एकाच बाजूवर पडतात.

बोलणं डावीकडे असतं हे कळलं कसं तर 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलात पॉल ब्रोका या सर्जनकडे एक पेशंट आला, त्याला समोरच्याचं बोलणं बरंचसं समजायचं पण स्वतःच्या तोंडून फक्त "तां" एवढंच निघायचं. तो वारल्यावर ब्रोकाने मेंदू तपासला तर डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा होती, मग तसेच आणखी पेशंट बघून 1865 मध्ये त्याने मांडलं की आपण डाव्या मेंदूने बोलतो. आज आपल्याला माहितीये की उजव्या हाताने लिहिणाऱ्या 100 पैकी साधारण 95 जणांचं असंच असतं, आणि डावखुऱ्यांमध्येसुद्धा 100 पैकी 70 च्या आसपास लोकांचं बोलणं डावीकडेच असतं. म्हणजे डावखुऱ्याचा मेंदू उलटा असतो हे खरं नाही. घरात डावखुरं मूल असेल तर काठीचा प्रयोग त्याच्यावर करून बघा आणि आकडे काहीही आले तरी त्यावरून त्याच्या हुशारीबद्दल काही बोलू नका, हे मी फार कळकळीने सांगते.

उजव्या मेंदूकडे काय आहे ते बघायला चौथा प्रयोग. कागदावर बरोबर 20 सेंटिमीटरच्या आडव्या रेघा मारा, एका पानावर एकच, आठ-दहा पानं करा. समोरच्याने पट्टी न लावता नजरेने मध्य खूण करायचा. मग मोजा. बहुतेकांची खूण सरासरीने खऱ्या मध्याच्या किंचित डावीकडे येते, एखाद-दोन मिलिमीटर. जागेचं भान आणि लक्ष कुठे द्यायचं हे काम उजवा मेंदू जास्त सांभाळतो आणि त्याची ओढ डावीकडे असते, म्हणून डावी बाजू जराशी मोठी वाटते. वाचायच्या सवयीचाही यात हात आहे, उजवीकडून डावीकडे हिब्रू वाचणाऱ्या लोकांमध्ये वेगळे आकडे मिळालेत, तेव्हा घरात किंवा शेजारी उर्दू वाचणारं कोणी असेल तर त्यांनाही बसवा, तुलना करायला मजा येईल. एकाच माणसाच्या एका रेघेवरून काही ठरवू नका, फरक बारीक आहे, सरासरीतच दिसतो.

पाचवा चेहऱ्याचा. एकाच माणसाचे, एकाच जागेवरून, एकाच उजेडात दोन फोटो काढा, एक हसरा एक साधा. मोबाईलच्या कुठल्याही कोलाज अ‍ॅपमध्ये दोन्ही नाकाच्या रेषेवर कापून जोडा म्हणजे अर्धा चेहरा हसरा अर्धा साधा होईल, मग त्याचीच आरशातली उलटी कॉपी करा. दोन्ही फोटो वर-खाली ठेवून विचारा, नाकाकडे बघ आणि पटकन सांग कुठला जास्त आनंदी वाटतो. ज्यात हसरी बाजू बघणाऱ्याच्या डाव्या हाताला आहे तो जास्त लोक निवडतात, कारण ती बाजू आधी उजव्या मेंदूत जाते आणि चेहरे आणि त्यावरचे भाव वाचायला तो जास्त तरबेज आहे.

कानांचाही असाच एक प्रयोग आहे, डोरीन किमुरा यांनी 1961 मध्ये दाखवलेला, दोन कानांत एकाच क्षणी वेगळे आवाज वाजवायचे, समजा डाव्यात "बा" उजव्यात "का" असं, आणि बहुतेक लोक उजव्या कानातलं जास्त बरोबर सांगतात. पण दोन्ही आवाज एकदम सुरू व्हावे लागतात, ऑडिओ एडिटिंग येत असेल तरच नादी लागा.

आता हे सगळं बघून कोणी म्हणेल की मग खरंच की दोन वेगळे मेंदू आहेत. तो पट्टा कापला तर काय होतं ते इथे सांगायलाच हवं. 1962 पासून लॉस एंजेलिसमध्ये बोगन आणि व्होगेल या सर्जननी, ज्यांच्या फिट्स कशानेच थांबत नव्हत्या अशा काही पेशंटांचा कॉर्पस कॅलोसम कापला, म्हणजे फिट एका बाजूकडून दुसरीकडे पसरणार नाही. फिट्स कमी झाल्या, माणसं रोजच्या वागण्यात ठीक दिसायची, पण कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठातल्या रॉजर स्पेरी आणि मायकेल गझानिगा यांनी त्यांना पडद्यावरच्या ठिपक्याकडे बघायला लावून डावीकडे क्षणभर एका वस्तूचं नाव चमकवलं तर ते म्हणायचे काही दिसलं नाही, आणि त्याच वेळी त्यांचा डावा हात पडद्यामागच्या ढिगातून तीच वस्तू चाचपून काढून द्यायचा. उजव्या मेंदूने वाचलं होतं, ओळखलं होतं, पण बोलणारा भाग दुसरीकडे आणि मधला रस्ता बंद! स्पेरींना यासाठी 1981 चं नोबेल मिळालं. पुढे गझानिगा आणि लेडू यांनी अशाच एका पेशंटला डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फाने झाकलेलं अंगण. समोरच्या चित्रांमधून जुळणारं निवड म्हटल्यावर डाव्या हाताने त्याने फावडं निवडलं, बर्फ काढायला, जे बरोबरच होतं. पण फावडं का असं विचारल्यावर, ज्या डाव्या मेंदूने बर्फ बघितलाच नव्हता त्याने लगेच उत्तर दिलं की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला लागेल ना. माहिती नसेल तर डावा मेंदू गप्प बसत नाही, कारण तयार करतो, मला तर आपल्या सगळ्यांच्या वागण्याबद्दल यातून फार काही शिकायला मिळालं.

पण आपला पट्टा शाबूत आहे, आणि शाबूत पट्ट्याच्या माणसात "हा डाव्या मेंदूचा, ती उजव्या मेंदूची" असं काही सापडत नाही. युटा विद्यापीठाने 2013 मध्ये 7 ते 29 वयाच्या हजारापेक्षा जास्त लोकांचे ब्रेन स्कॅन तपासले, काही कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलंच पण अख्खा माणूसच एका बाजूने चालतो असं दिसलं नाही. गाणं ऐकताना, गणित करताना, गोष्ट लिहिताना दोन्ही बाजू कामाला असतात. तेव्हा क्लासवाल्यांनी उजवा मेंदू उघडून देतो म्हटलं तर त्यांना विचारा, तो बंद कधी होता?

आता शेवटचं आणि सगळ्यात उपयोगाचं, ही वायरिंग घरात जीव वाचवू शकते. कोणाचं तोंड अचानक एका बाजूला वाकडं झालं, दोन्ही हात वर धरायला सांगितल्यावर एक खाली घसरला, बोलणं अडखळलं किंवा शब्दच सुचेनासे झाले तर तो लकवा, म्हणजे मेंदूचा स्ट्रोक समजा, उजवी बाजू लुळी आणि बोलणं गेलेलं असेल तर बहुधा डाव्या मेंदूत. डावी बाजू लुळी आणि बोलणं ठीक असेल तर लोक म्हणतात बोलतोय ना व्यवस्थित, सकाळी बघू, असं अजिबात करू नका, ते उजव्या मेंदूतलं असू शकतं आणि तितकंच गंभीर असतं. पेशंट शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून घ्या, खायला-प्यायला काही देऊ नका, 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलातच न्या. लकवा रक्ताच्या गुठळीमुळे असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

लकव्याने उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही पेशंटांना नंतर डावीकडचं जगच लक्षात येत नाही. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते, डावीकडे बसलेल्या माणसाशी बोलतच नाहीत, आणि घरच्यांना वाटतं मुद्दाम करतायत. मुद्दाम नसतं ते, डोळे चांगले असतात, लक्ष तिकडे जात नाही. अशांच्या डाव्या बाजूला बसून नाव घेऊन बोला, त्यांना मान वळवून बघायला लावा, पण बेल, पाणी, मोबाईल या गरजेच्या गोष्टी उजव्या हाताशीच ठेवा. चालताना डावीकडच्या दाराच्या चौकटी, स्टूल यांना धडकतात म्हणून त्या बाजूची वाट मोकळी ठेवा. पेपर वाचताना डाव्या समासात वरपासून खालपर्यंत लाल रेघ मारून द्या आणि सांगा की प्रत्येक ओळ वाचायच्या आधी ती लाल रेघ सापडलीच पाहिजे, फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीवाले हेच करून घेतात, आणि जमायला लागलं की रेघ हळूहळू फिकी करत न्या.