वायरलेस मॉनिटर लावताना
सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका नर्सिंग होमची यंत्रं मी सांभाळतो. वायरलेस मॉनिटर, म्हणजे पेशंटचे ठोके वगैरे तारेविना नर्सिंग स्टेशनला दाखवणारं यंत्र, घेताना आधी फ्रिक्वेन्सी बघा, किंमत नंतर. मागच्या लेबलवर २.४ गिगाहर्ट्झ असेल तर तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा भारतात परवानामुक्त आहे. तरी विक्रेत्याकडून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेचं ईटीए, म्हणजे यंत्राच्या प्रकाराला दिलेलं मंजुरीपत्र, मागाच. कुणी अमेरिकेतून जुना टेलिमेट्री (पेशंटची माहिती रेडिओवरून पाठवणारा) संच पाठवला तर सावध राहा. तिथे ६०८ ते ६१४ मेगाहर्ट्झ वैद्यकीय टेलिमेट्रीला दिलेत, पण तिथली मुभा सोलापुरात चालत नाही.

खरं काम बसवल्यावर सुरू होतं. २.४ मध्येच वाय-फाय चालतं आणि पँट्रीतला मायक्रोवेव्हही. वाय-फायला १, ६, ११ पैकी असा चॅनल द्या, की मॉनिटर वापरतो तेवढा पट्टा मोकळा राहील. मग मायक्रोवेव्ह चालू ठेवून, ट्रान्समीटर (पेशंटच्या अंगावरचा सिग्नल पाठवणारा डबा) हातात घेऊन वॉर्डभर फिरा. संडासात जा, दार लावून बघा. सिग्नल तिथेच जास्त तुटतो आणि पेशंटला चक्करही तिथेच येते.

नातेवाइकांना, वॉचमनला समजावून सांगा: मोबाइल आणि वॉकीटॉकी यंत्रापासून, केबलपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. सिग्नल तुटला की नर्सिंग स्टेशनवर अलार्म वाजलाच पाहिजे. वाजत नसेल तर त्या खाटेला तारेचाच मॉनिटर लावा.