लेबर कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन कसं वाचायचं

चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठल्याही एमआयडीसीत साठ-सत्तर माणसांचं युनिट सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात टेबलावर कंत्राटी माणसं पुरवणाऱ्यांच्या कोटेशनचा ढीग पडतो. कुणी तीन टक्के सर्व्हिस चार्ज लिहितो, कुणी आठ, कुणी नुसता एक आकडा देतो, ‘पर हेड अमुक, सगळं धरून’. मालक बहुतेक वेळा सगळ्यात खालचा आकडा उचलतो. पुढे पीएफ ऑफिसची नोटीस येते तेव्हा कळतं की ती कॉन्ट्रॅक्टरच्या नावाची असली तरी वसुली आपल्यापर्यंत पोहोचते. कॉन्ट्रॅक्टरनं पगार थकवला तर मूळ कंपनीनं तो द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रम संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे, लागू झाल्या, त्यातही ही जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे.

मी चाकणला ऑटो कंपोनंटच्या कारखान्यांत एचआर सांभाळते. खाली लिहिलेली पद्धत छोट्या युनिटच्या मालकांसाठी आणि एचआरला नव्यानं लागलेल्या मुलामुलींसाठी आहे.

आधी समोर कोण बसलंय ते ओळखा

या धंद्यात स्पर्धा तीन थरांत चालते. वरच्या थरात टीमलीज, क्वेस, अ‍ॅडेको, रँडस्टॅड अशा माणसं पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्या. टीमलीज २००२ ची, क्वेस २००७ ची, आणि दोन्ही २०१६ मध्ये शेअर बाजारात आल्या. अ‍ॅडेको स्वित्झर्लंडची, रँडस्टॅड नेदरलँड्सची. चेन्नईची मा फोई हे या धंद्यातलं एकेकाळचं मोठं नाव पुढे रँडस्टॅडमध्येच गेलं. यांचा नफा माणशी फार थोडा असतो. टीमलीज माणशी महिना आपल्याला किती सुटतात ते गुंतवणूकदारांना उघड सांगते, आणि तो आकडा हजाराच्या आतला आहे. एवढ्यावर धंदा चालतो कारण माणसं लाखांनी आहेत आणि बऱ्याच गिऱ्हाइकांकडून पगाराचे पैसे आधीच घेतले जातात. शिवाय आयकरात एक तरतूद आहे, ८०जेजेएए नावानं ओळखली जाते. नव्यानं वाढलेल्या, महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगारांच्या पगारखर्चाच्या ३० टक्के इतकी जादा वजावट तीन वर्षं मिळते, पण कामगार पीएफमध्ये असेल तरच. म्हणजे मोठ्या कंपनीला माणूस कागदावर दाखवण्यातच फायदा आहे. तिच्याकडे पीएफ चोरीला जाण्याची भीती म्हणूनच कमी.

पण साठ माणसांच्या युनिटला ती किती लक्ष देईल हा वेगळा प्रश्न. सकाळच्या शिफ्टला नऊ जण आले नाहीत तर बेंगळुरूचा हेल्पलाइन नंबर कामाचा नाही, गेटवर उभा असलेला माणूस लागतो.

मधल्या थरात पुण्यातले, पिंपरी-चिंचवडचे हजार-दोन हजार माणसं पुरवणारे कॉन्ट्रॅक्टर. बीड, लातूर, परभणी, नांदेडच्या मुलांशी यांचा थेट संपर्क, चाकणजवळच्या खराबवाडी-निघोजेच्या खोल्यांपर्यंत ओळखी. माझ्या मते छोट्या युनिटला यांच्यातलाच चांगला माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

तिसरा थर गावातल्या कॉन्ट्रॅक्टरचा. यात पुष्कळ जण असे की ज्यांच्या जमिनी एमआयडीसीत गेल्या. त्यांच्या मुलांना इथल्या कारखान्यांत काम मिळायला हवं, हे मला मनापासून पटतं, आणि यांतले काही अतिशय चोख आहेत. मात्र हिशेबाचा कागद त्यांच्यासाठीही तोच ठेवा. ओळखीचा किंवा दबावाचा दर म्हणून वेगळा कागद करू नका.

स्वतःचा कागद तयार करा

कोटेशन उघडण्याआधी आपला तळाचा आकडा काढा. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता (डीए) जानेवारी आणि जुलैत बदलतो, झोननुसारही दर वेगळे, म्हणून चालू दर लेबर ऑफिसच्या परिपत्रकातूनच घ्या. उदाहरणाला बेसिक अधिक डीए १५,००० धरू.

बेसिक + डीए: १५,०००
पीएफ, मालकाचा हिस्सा इतर आकारांसह १३ टक्के: १,९५०
ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) ३.२५ टक्के: ४८८
बोनस ८.३३ टक्के: १,२५०
रजेचा पगार, वर्षाला साधारण १५ दिवस: ७२१
ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के: ७२२
एकूण: २०,१३१

पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर राज्याच्या १९८३ च्या कायद्याप्रमाणे ५ टक्के घरभाडे भत्ता येतो, त्याची ओळ वेगळी धरा. गणवेश, सेफ्टी शूज, कामगार कल्याण निधी यांच्याही ओळी लागतील. सर्व्हिस चार्ज याच्या वर आणि जीएसटी १८ टक्के त्याच्याही वर.

आता ‘सगळं धरून १८,५००’ हे कोटेशन बाजूला ठेवा. माणशी १,६३१ रुपये कमी, तेही कॉन्ट्रॅक्टरनं एक पैसाही कमावलेला नसताना. साठ माणसांमागे महिन्याला ९७,८६० रुपये. हे पैसे कुठून येणार, हे समोरासमोर विचारा. उत्तर बहुधा या चारांपैकी एक असतं. पगार भत्त्यांत फोडून पीएफ अर्ध्यावर भरायचा. संहितांनी वेतनाच्या व्याख्येबाहेरचे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त धरता येत नाहीत असं केलं, त्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे. दुसरं, काही माणसांचा पीएफ भरायचाच नाही. तिसरं, सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ देऊन बोनस-रजा मागे पडू द्यायची. चौथं ओव्हरटाइम, आणि खरा पैसा तिथेच आहे.

ओव्हरटाइमची ओळ

कायद्यानं ओव्हरटाइम दुप्पट दरानं. कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला बिल दुप्पट दराचं लावतो, मुलाच्या हातात सिंगल जातो, मधला फरक त्याचा. बारा-बारा तासांच्या शिफ्ट चालणाऱ्या कारखान्यात हा फरक कुठल्याही सर्व्हिस चार्जपेक्षा मोठा असतो. त्याच्या जोरावर दोन टक्क्यांचं कोटेशन हसत देता येतं, आणि चोख हिशेबाचा माणूस सहा टक्के सांगून बाहेर पडतो. स्पर्धा इथेच नासते.

म्हणून कोटेशन मागवतानाच लिहा: ओव्हरटाइमवर सर्व्हिस चार्ज मिळेल, पण बिलासोबत माणसागणिक ओव्हरटाइमचे तास आणि बँकेत जमा झालेली रक्कम दाखवावी लागेल. ही एक अट घातली की निम्मे कोटेशनवाले परत फोन करत नाहीत. जे उरतात त्यांच्याशीच पुढचं बोला.

उधारीचा हिशेब त्याच्या बाजूनं करून बघा

पगार महिना संपल्यावर ७ तारखेच्या आत व्हायला हवा. तुम्ही बिल साठ दिवसांनी देणार असाल तर मधले पैसे कुणीतरी घालतंय. साठ माणसांचा महिन्याचा खर्च सुमारे १२ लाख ८ हजार. तीन टक्क्यांनी कॉन्ट्रॅक्टरला मिळाले ३६ हजार. दोन महिन्यांची बिलं अडकली की जीएसटीसकट जवळजवळ २९ लाख रुपये बाहेर, महिन्याला एक टक्का व्याज धरलं तरी २९ हजार. हातात सात हजार. त्यात सुपरवायझरचा पगार, ऑफिस, मुलांना आणायची गाडी. हा माणूस कामगाराच्या पैशाला हात लावणार हे तुमच्या पेमेंटच्या अटीनंच ठरवून टाकलं.

पंधरा दिवसांत पैसे देत असाल तर तसं ठळक लिहा, दरात चांगला फरक पडतो. आणि कॉन्ट्रॅक्टर उद्यम नोंदणीतला सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २०२३-२४ पासून आयकराचाही नियम आहे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. त्यानंतर दिलेल्या पैशांचा खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच धरला जातो. सीएला विचारून घ्या.

कागद तपासायचे ते असे

पीएफचं चलन फाईलला लावलं म्हणजे काम झालं असं समजू नका. एकाच चलनाची झेरॉक्स चार कंपन्यांच्या फायलीत जाते, प्रत्येकाला वाटतं आपल्या माणसांचे पैसे भरले. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या, वेबसाइटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च उघडा, कॉन्ट्रॅक्टरचं नाव किंवा कोड टाका (पुण्याचे कोड पीयूपीयूएन या अक्षरांनी सुरू होतात), मग पेमेंट डिटेल्स बघा. कोणत्या महिन्याचे, किती रुपये, किती माणसांचे भरले, सगळं दिसतं. लॉगिन लागत नाही. तो म्हणतो सहाशे माणसं आहेत आणि तिथे १४० दिसतात, तर कोटेशन तिथेच मिटवा.

काम दिल्यावर दर महिन्याला ईसीआरची यादी (कुणाचा किती पीएफ भरला त्याचा तपशील) मागा आणि हजेरीतली कुठलीही दहा नावं यूएएनसकट, म्हणजे प्रत्येकाच्या कायमच्या पीएफ नंबरासकट, जुळवा. नावं तुम्ही निवडा, त्याला निवडू देऊ नका. याशिवाय लाईनवर जाऊन एखाद्या मुलाला उमंग अ‍ॅपमध्ये पासबुक उघडायला सांगा. परभणीच्या एका पोरानं माझ्यासमोर कॅन्टीनच्या बाकावर बसून उघडलं होतं. पगाराच्या प्रत्येक स्लिपवर पीएफ कापलेला आणि पासबुकात मधल्या पाच महिन्यांची जागा कोरी. घरी बहिणीचं लग्न होतं, त्यासाठी पैसे काढायला गेला होता. त्याच संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचं बिल थांबवलं, तेव्हा कुठे भरणा झाला. तेवढी ताकद आपल्या हातात असते आणि ती वापरायची असते.

जीएसटीचंही तसंच. कॉन्ट्रॅक्टरनं रिटर्न भरलं नाही तर जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या २बी या विवरणात क्रेडिट, म्हणजे दिलेल्या जीएसटीची वजावट, दिसत नाही. वाचवलेले दोन टक्के आणि अडकलेले अठरा टक्के, हा व्यवहार कुणालाच परवडणारा नाही. करारात लिहा की जीएसटीची रक्कम २बी मध्ये दिसल्यावर देऊ.

दोन गोष्टी थोडक्यात. ‘अ‍ॅप्रेंटिस देतो, पीएफ-ईएसआय नाही’ असं सांगणारा आला तर त्याचा दर वरच्या कागदाशी जुळवू नका. अ‍ॅप्रेंटिसला शिकवायचं असतं, त्याचा करार आणि पोर्टलवरची नोंद असते, त्याला उत्पादनाच्या लाईनवर कायमचा उभा करणं चुकीचं. आणि माल चढवण्या-उतरवण्याचं काम याच कॉन्ट्रॅक्टमध्ये कोंबू नका, त्याला १९६९ चा माथाडी कायदा आहे, ते बोर्डाशी बोलून ठरवा.

माणसं येतील का

दर जुळला, कागद जुळले, तरी शेवटचा प्रश्न पुरवठ्याचा. दिवाळीत आणि लग्नसराईत मराठवाड्यातली मुलं गावी जातात, छठला बिहारची. याच दिवसांत कंपन्यांची शेड्यूलही वाढलेली असतात आणि शेजारचा कॉन्ट्रॅक्टर पाचशे रुपये जास्त देऊन तुमच्या गेटवरून मुलं उचलतो. कोटेशन देणाऱ्याला मागच्या दिवाळीचं त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाकडचं मस्टर दाखवायला सांगा. त्या गिऱ्हाइकाच्या शॉप फ्लोअरवरच्या सुपरवायझरशी बोला, एचआरशी नंतर. मुलं टिकतात ती वेळेवरच्या पगारावर आणि खोलीच्या सोयीवर. जो कॉन्ट्रॅक्टर कामाला लावायचे मुलांकडून पैसे घेतो, त्याची मुलं एका पगारानंतर निघून जातात. हे मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात.

जुना कॉन्ट्रॅक्टर बदलणार असाल तर बदल महिन्याच्या १ तारखेला करा. त्याचं शेवटचं बिल शेवटच्या महिन्याचं चलन आणि प्रत्येकाचा फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) हाती येईपर्यंत राखून ठेवा. राहणाऱ्या मुलांचा यूएएन तोच चालू ठेवायला नव्या माणसाला लेखी सांगा, नाहीतर तो नवा काढतो आणि जुने पैसे वेगळ्या खात्यात पडून राहतात.