सांस्कृतिक मानवशास्त्र आणि धर्माचा अभ्यास : नाशिकमध्ये राहून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सांस्कृतिक मानवशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती पहिल्याच सत्रात संज्ञांची लांबलचक यादी पडते आणि परीक्षेपुरती ती पाठही होते. मी वाणिज्य शाखेची पदवी घेऊन या विषयाकडे आले तेव्हा माझ्याही वहीत अशीच यादी होती. त्या यादीतील प्रत्येक संज्ञा कोणीतरी, कोणत्या तरी काळात, एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधताना घडवलेली असते; म्हणून ती आपल्या परिसरात नेऊन, कुठे लागू पडते आणि कुठे अपुरी पडते हे तपासल्याशिवाय समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. या तपासणीसाठी नाशिक जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. गोदाघाट, त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड, पेठ आणि सुरगाण्यातील आदिवासी पाडे, नाशिकरोडची बाळ येशूची यात्रा आणि जुन्या नाशकातील बडी दर्गा, हे सारे एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. देव आहे की नाही, हा या शास्त्राचा प्रश्न नाही. माणसे देवाला धरून काय करतात, कोण करते, कोणाला करू दिले जात नाही आणि त्यातून माणसामाणसांचे संबंध कसे घडतात, हा त्याचा प्रश्न आहे. त्यामुळे श्रद्धाळू विद्यार्थी हा अभ्यास करू शकतो आणि नास्तिकही करू शकतो. दोघांनाही आपला निवाडा काही काळ बाजूला ठेवावा लागतो एवढेच. घरची मंडळी मात्र ‘हे शिकून तू देव मानायचे सोडणार का’ असे विचारतात, आणि त्यांना शांतपणे उत्तर देण्याची तयारी असावी.

संस्कृतीची बहुतेक पुस्तकांत दिली जाणारी व्याख्या एडवर्ड टायलर यांनी १८७१ मध्ये केली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, रूढी आणि समाजाचा घटक म्हणून माणसाने संपादन केलेल्या इतर क्षमता व सवयी यांचा संमिश्र समुच्चय म्हणजे संस्कृती, असे तिचे सार आहे. यातील ‘संपादन केलेल्या’ हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत, कारण संस्कृती रक्तातून येत नाही, ती शिकली जाते, या विचारावर पुढचे सगळे शास्त्र उभे आहे. याच टायलर यांनी धर्माची किमान व्याख्या ‘आत्मिक शक्तींवरील विश्वास’ अशी केली आणि निसर्गातील वस्तूंना आत्मा मानणारा सर्वात्मवाद ही धर्माची पहिली पायरी ठरवली. ही पायऱ्यांची कल्पना सुरगाण्यात टिकत नाही. वाघबारशीला कोकणा आणि महादेव कोळी कुटुंबे वाघदेवाची पूजा करतात, ती जंगल, गुरे आणि शेतीची सीमा यांच्याशी आजही जोडलेली आहे, आणि ती करणारा तरुण मोबाइलवर हवामानाचा अंदाजही पाहतो. त्याला मानवजातीच्या बालपणाचा अवशेष मानणे हे निरीक्षण नाही, तो पूर्वग्रह आहे. प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या इतिहासात आणि संदर्भात समजून घ्यावी, हा फ्रान्झ बोआस यांनी रुजवलेला सांस्कृतिक सापेक्षतेचा आग्रह अशा वेळी उपयोगी पडतो.

ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की यांची एक नोंद मला निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्षबागांत फिरताना सतत आठवत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून त्यांनी लिहिले की, खाजणातील सुरक्षित मासेमारीत तेथील लोक केवळ कौशल्यावर विसंबतात, आणि खोल समुद्रातील धोक्याच्या मासेमारीभोवती मात्र यातुविधींची, म्हणजे मंत्र-जादूच्या विधींची, मोठी रचना असते. आपला बागायतदार कोणत्या रोगावर कोणती फवारणी करायची हे नेमके जाणतो आणि त्या जागी नारळ फोडत नाही. पण घड भरले असताना गारपीट झाली तर तासाभरात वर्षाची मेहनत जाते, आणि ग्रामदेवतेपुढचा नारळ त्या अनिश्चिततेसाठी असतो. ज्ञान आणि विधी एकाच माणसात अडचण न होता नांदतात, हे इथे स्पष्ट दिसते. तरीही विधीचे कारण केवळ भीती, असे लिहून मोकळे होऊ नये. चांगले पीक हाती आल्यावर होणाऱ्या भंडाऱ्याचा उलगडा भीतीने होत नाही.

ज्या संकल्पनेने मला सर्वाधिक शिकवले ती म्हणजे अर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये मांडलेली संक्रमण विधींची कल्पना. जन्म, वयात येणे, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी माणूस एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जातो तेव्हाच्या विधींचे विलगीकरण, मधली उंबरठ्यावरची अवस्था आणि पुनःसमावेश असे तीन टप्पे त्यांनी दाखवले. गोदाघाटावर रोज दशक्रिया विधी चालतात आणि हे तिन्ही टप्पे त्यांत उघड दिसतात. मृत्यूबरोबर घर सुतकात जाते, देवपूजा थांबते, मंगल कार्ये पुढे ढकलली जातात. दहाव्या दिवशी क्षौर आणि पिंडदान होऊन सगळे कावळा शिवण्याची वाट पाहतात. तेराव्याच्या गोड जेवणाने घर पुन्हा रोजच्या व्यवहारात येते. कपडे कोणी कोणाला द्यायचे, टोपी-टॉवेल मामाकडून की व्याह्यांकडून, हे टिपत गेले की आप्तसंबंधांचा आराखडाही आपोआप तयार होतो. मात्र मी जेव्हा पुरुषांच्या ऐवजी घाटावर कडेला बसलेल्या बायकांशी बोलू लागले, तेव्हा तिसरा टप्पा सर्वांसाठी सारखा नसतो हे ध्यानात आले. मुलगा कुटुंबप्रमुख म्हणून परत येतो. अनेक घरांत विधवा पत्नीचे परतणे मात्र अर्धेच राहते. हळदीकुंकवाचे बोलावणे तिला येत नाही, लग्नात ओवाळायला तिला पुढे केले जात नाही. ‘पोरी, घराचं सुतक फिटतं, बाईचं नाही,’ असे एका आजींनी मला सांगितले. व्हान गेनेप यांचा आराखडा इथे चुकीचा ठरत नाही, पण कोणाचा पुनःसमावेश आणि किती, हा प्रश्न त्याला जोडल्याशिवाय तो वापरू नये.

एमिल दुर्खीम यांच्याबाबतही असेच घडते. धर्म पवित्र आणि लौकिक असा भेद करतो आणि त्या पवित्राभोवती जमलेल्यांचा एक नैतिक समुदाय बांधतो, असे त्यांनी १९१२ मध्ये मांडले; एकत्र जमलेल्या समूहात जी भारावलेली ऊर्जा निर्माण होते तिला त्यांनी मोठे महत्त्व दिले. चैत्रातील एकादशीला श्रीरामाचा रथ ओढला जात असताना, मानकरी रथाकडे तोंड करून उलट पावली चालत असताना, त्या गर्दीत उभे राहिले की दुर्खीम काय म्हणत होते हे अंगावर येते. पण ज्या काळाराम मंदिराचा हा रथ, त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालवला, आणि त्याच वर्षी रथ ओढण्याच्या हक्कावरून संघर्ष झाला. त्याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी १९३५ मध्ये धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. पवित्राची सीमा समुदाय बांधते तेव्हाच कोणाला तरी बाहेर ठेवते, हे नाशिकमध्ये धर्माचा अभ्यास करणाऱ्याने एक क्षणही विसरता कामा नये.

त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाणारी संत निवृत्तिनाथांची पालखी पाहण्यापूर्वी इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख जरूर वाचावा. १९६२ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात त्या स्वतः दिंडीत चालतात, भजनात रंगतात, आणि एकाच वाटेने चालणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी वेगवेगळ्या पंगतीत जेवतात याचे दुःख उघडपणे नोंदवतात. उंबरठ्यावरच्या अवस्थेत समाजातील उतरंड सैल होऊन समभाव निर्माण होतो, हे मांडणाऱ्या व्हिक्टर टर्नर यांनी तीर्थयात्रांविषयी लिहिताना या लेखाचा आधार घेतला. तत्त्व आणि त्याची मर्यादा दोन्ही दाखवणारे असे मराठी मातीतले उदाहरण विद्यार्थ्यांना उशिरा भेटते, याची मला खंत वाटते.

क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी धर्माला प्रतीकांची व्यवस्था मानले. तलाल असद यांनी १९९३ मध्ये त्यावर आक्षेप घेतला की, अशी व्याख्या श्रद्धेला केंद्रस्थानी ठेवते, ते ख्रिस्ती युरोपच्या इतिहासातून आलेले आहे, आणि सत्ता व आचरण त्यात मागे पडतात. हा वाद पुस्तकात अवघड वाटतो, पण पाड्यावरच्या भगताला ‘तुमची श्रद्धा काय’ असे विचारून पाहावे. तो कणसरी या धान्यदेवतेची पूजा कधी मांडायची, कोणते धान्य ठेवायचे, गाणे कोणी म्हणायचे हे सविस्तर सांगतो. श्रद्धेवर प्रवचन देत नाही. म्हणून ‘का करता’ हा प्रश्न शेवटी ठेवावा आणि ‘कसे करता, कोणाकडून शिकलात, यंदा काय बदलले’ हे आधी विचारावे.

क्षेत्रकार्याच्या सवयी लवकर लावून घ्याव्यात. नोंदी त्याच संध्याकाळी लिहाव्यात. वहीच्या उजव्या पानावर पाहिलेले आणि ऐकलेले, डाव्या पानावर आपला तर्क, आणि या दोहोंची सरमिसळ होऊ देऊ नये. दशक्रियेचे छायाचित्र परवानगीशिवाय कधीही काढू नये, आणि शोकातील कुटुंबाकडून मिळालेली परवानगीसुद्धा दोन दिवसांनी पुन्हा विचारून घ्यावी. माहिती देणाऱ्यांची नावे बदलावीत. पुरोहितांइतकेच नाभिक, फुलवाल्या बायका आणि घाट झाडणारे कामगार यांच्याशी बोलावे. तीर्थपुरोहितांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. गुरुजींचा विश्वास बसला तर ते दाखवतात, पण त्या वह्या म्हणजे त्यांची उपजीविका आहे हे जाणून वागावे. बागलाणात अहिराणी आणि सुरगाण्यात कोकणा समाजाची बोली थोडीफार तरी समजायला हवी. २०२६-२८ च्या सिंहस्थाचे आकर्षण साऱ्यांनाच असेल, परंतु नवख्या अभ्यासकाने एवढ्या अफाट मेळ्यापासून सुरुवात करू नये, कारण तिथे एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा बोलणे जवळजवळ अशक्य असते.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेता येते. पुढे अध्यापनासाठी नेट परीक्षा असते, आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हा वैकल्पिक विषय आहे. आदिवासी विकास, संग्रहालये, सार्वजनिक आरोग्य या क्षेत्रांतही या शिक्षणाची गरज भासते. वाचनासाठी १८४० पासूनचे सार्वजनिक वाचनालय शहरातच आहे.

पहिल्या प्रकल्पासाठी मी विद्यार्थ्यांना नवस हा विषय सुचवते. सप्तशृंगी, बाळ येशू आणि बडी दर्गा या तिन्ही ठिकाणी लोक नवस बोलतात, आणि एकाच कुटुंबातली माणसे कधी कधी तिन्हीकडे जातात. नवस कोणी बोलला, कोणासाठी बोलला, फेडण्याचा खर्च कोणी उचलला आणि पायी चालत कोण गेले, एवढे चार प्रश्न घेऊन मोजक्या घरांशी सावकाश बोलावे. धर्मांची तुलना, कुटुंबातील सत्ता आणि स्त्रियांचे श्रम हे तिन्ही विषय त्या उत्तरांतूनच समोर येतात.