निन्जा गायडेन: एक पाऊल मागे आणि खेळ खलास

टेक्मो या जपानी कंपनीचा हा व्हिडिओ गेम डिसेंबर १९८८ मध्ये जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर ‘निन्जा र्युकेनदेन’ या नावाने आला. १९८९ मध्ये अमेरिकेत एनईएसवर (फॅमिकॉमचीच परदेशी आवृत्ती) त्याचं ‘निन्जा गायडेन’ झालं आणि १९९१ मध्ये युरोपात ‘शॅडो वॉरियर्स’. शोधताना तिन्ही नावं लक्षात ठेवा. आर्केडवरचा ‘निन्जा गायडेन’ हा मारामारीचा वेगळाच गेम आहे, त्यातला सराव इथे कामाला येत नाही.

गेमचे सहा अंक, म्हणजे टप्पे, आहेत. पहिले दोन सरळ आहेत. तिसऱ्या अंकात बर्फाळ डोंगरावर गरुड येऊ लागले की बहुतेकांचा धीर सुटतो, आणि ६-२ (सहाव्या अंकाचा दुसरा भाग) पर्यंत पोहोचलेले कंट्रोलर आपटून उठतात. गेम अन्याय करतो असं वाटतं. खरं म्हणजे तो एक नियम काटेकोरपणे पाळतो, फक्त तो नियम कुठेच सांगत नाही.

शत्रू जागेला बांधलेले आहेत

प्रत्येक शत्रूची नकाशावर एक ठरलेली जागा असते. ती जागा स्क्रीनच्या कडेतून आत आली की शत्रू जन्माला येतो. तुम्ही त्याला मारलंत याची गेम कुठेही नोंद ठेवत नाही. म्हणून मारल्यावर दोन पावलं मागे आलात, ती जागा स्क्रीनबाहेर गेली आणि पुन्हा पुढे झालात, की तोच शत्रू ताजातवाना हजर. जागा नेमकी कडेवर असेल तर इंचभर मागेपुढे केलं तरी पुरतं. ‘मारतोय पण संपतच नाहीत’ ही तक्रार इथूनच येते.

यावरून खेळायची पद्धत ठरते. घाबरून मागे सरकू नका. शत्रू दिसला की एक तर जागेवर थांबून मारा, नाही तर पुढे जात मारा. मारल्यावर लगेच पुढे निघा. मागे राहिलेला शत्रू स्क्रीनबाहेर गेला की नाहीसा होतो, त्यामुळे प्रत्येकाला मारण्याचा हट्टही नको. ज्याच्यावरून उडी मारून सुटता येतं, त्याला सोडून द्या. खड्ड्याच्या काठावर तर हे फारच महत्त्वाचं. पलीकडच्या काठावरच्या शत्रूला शुरिकेनने (फेकायच्या चांदणीने) टिपलंत आणि उडीची तयारी म्हणून एक पाऊल मागे घेतलंत, की पलीकडे तो परत उभा असतो. धाव घ्यायची गरजच नसते, गेमचा नायक र्यू, त्याची उडी जागेवरूनही तेवढीच लांब जाते. उडीची उंचीही ठरलेली आहे, बटण जास्त वेळ दाबून ती वाढत नाही. हवेत दिशा मात्र बदलता येते, तीच वापरायची.

गरुड

जीव जातो तो गरुडाच्या चोचीने नाही, धक्क्याने. मार बसला की र्यू हवेत मागे फेकला जातो, आणि जमिनीवर पडेपर्यंत त्याच्यावर तुमचा ताबा नसतो. मागे खड्डा असेल तर सोळापैकी पंधरा घरं ऊर्जा शिल्लक असूनही लाइफ जातं.

गरुड तुमच्याकडे झेपावतो, वेगात असल्यामुळे पुढे निघून जातो आणि वळून परत येतो. तो दिसताच उडी मारली तर तो हवेतच गाठतो. सपाट जमिनीवर उभे राहा, तो तलवारीच्या उंचीवर येईपर्यंत थांबा आणि मग बी (वाराचं बटण) दाबा. अरुंद खांबावर असाल आणि तो नुकताच पुढे निघून गेला असेल, तर वळेपर्यंतचा क्षण तुमचा: तेवढ्यात पुढची उडी घ्या. मार बसलाच, तर र्यू थोडा वेळ लुकलुकत राहतो. त्या वेळात दुसरा मार लागत नाही. सावरत बसू नका, शत्रूच्या अंगातून सरळ पुढे पळा.

जमिनीवर तलवार चालवली की र्यू क्षणभर थांबतो, हवेत थांबत नाही. म्हणून वेग राखायचा असेल तेव्हा उडीतच वार करायची सवय लावा.

भिंत

भिंतीवर उडी मारली की र्यू चिकटतो. दोन भिंती समोरासमोर असतील तर उलट दिशा आणि ए (उडीचं बटण) एकदम दाबत वर जायचं. एकच भिंत असेल तर? उलट दिशा आणि ए दाबून सुटा आणि लगेच, अगदी त्याच क्षणी, भिंतीची दिशा धरा. तो थोडा वर पुन्हा चिकटेल. तीन-चार वेळा केलं की माथ्यावर पोहोचतो. उशीर झाला की खाली येतो, घाई झाली की सुटतच नाही. १-१ मध्ये शांतपणे वीसेक वेळा करून पाहा, कारण पुढे हे डोक्यावर शत्रू असताना करावं लागतं. चिकटलेला असताना तलवार चालत नाही, तेव्हा वरच्या काठावर कोणी फिरत असेल तर तो दूर जाईपर्यंत लटकून राहा.

हत्यारं: कोणतं घ्यायचं, कोणतं टाळायचं

वर आणि बी दाबलं की हातातलं जादा हत्यार चालतं आणि स्क्रीनवरचे हत्यारांचे गुण (स्कोअर नव्हे) खर्च होतात. साध्या शुरिकेनला ३, बाकीच्यांना ५. निळा गोळा घेतला की ५ गुण मिळतात, लाल घेतला की १०.

मोठी फिरणारी विंडमिल चांदणी परत हातात येते. ती येत असताना तुम्ही उडी मारत राहिलात तर ती चुकते, पुन्हा वळते आणि वाटेतले सगळे कापत राहते. पाच गुणांत इतकं काम दुसरं कुठलंच हत्यार करत नाही. फायर व्हील तिरपं वर जातं, वरून येणाऱ्यांसाठी ठीक. अंगाभोवती फिरणारी आग मिळाली तर ती असेपर्यंत मार लागत नाही, पण ती थोडाच वेळ टिकते, म्हणून एक सेकंदही वाया न घालवता धावत सुटा.

जंप अँड स्लॅश (उडीत गरगर फिरत कापणारा वार) हे वरदानही आहे आणि जळूसुद्धा. ते असताना हवेत नुसतं बी दाबलं तरी ५ गुण जातात, त्यामुळे वर सांगितलेली उडीतल्या वाराची सवय तुम्हाला अर्ध्या स्टेजमध्ये कफल्लक करते. पण ते बॉसपर्यंत (अंकाच्या शेवटच्या बड्या शत्रूपर्यंत) जपून नेलं तर अंगावर पडताना एकाच उडीत अनेक वार मोजले जातात. बॉसलाही १६ घरंच असतात आणि तलवारीच्या वाराने एक जातं. हिशेब करा.

नवीन हत्यार उचललं की जुनं जातं. चांगलं हत्यार हातात असेल तर वाटेतला दिवा फोडण्याआधी त्यात काय आहे ते आठवा. आठवत नसेल तर फोडू नका.

बॉस

बहुतेक सोपे आहेत, निदान तिथवर पोहोचण्याच्या मानाने. चौथ्या अंकातल्या जोडीपैकी एकालाच मार लागतो. एक वार करून वरची पट्टी पाहा, घटली नाही तर दुसऱ्याकडे वळा. शेवटी मुखवटेवाल्याशी गाठ पडली की त्याच्यावर वार करू नका, भिंतीवरचा गोळा फोडा.

आता वाईट बातमी. शेवटच्या तिघांपैकी कोणाकडूनही हरलात तर थेट ६-१ ला परत. दिलासा एवढाच की हरवलेला बॉस पुन्हा लढत नाही, पुढचाच समोर येतो. कंटिन्यू (हरल्यावर पुन्हा खेळायची संधी) अमर्याद आहेत, म्हणून ६-१ ते ६-३ हा रस्ता पाठ करणं हाच खरा सराव.

टीव्ही तपासा

नव्या टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू करा. टीव्ही १०० मिलिसेकंद उशीर करत असेल तर ६० हर्ट्झवर तुम्ही सहा फ्रेम (चित्रं) मागे खेळता आणि गरुडावरचा वार चुकतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (५० हर्ट्झच्या) टीव्हीवर ५० हर्ट्झच्या कन्सोलवर लहानपणी खेळलेल्यांना मूळ ६० हर्ट्झचा गेम सुमारे २० टक्के वेगवान वाटेल. हात विसरले नाहीत, गेमच जोरात पळतोय. जुन्या अंदाजाने वार करू नका, पहिले दोन अंक पुन्हा खेळून अंदाज नव्याने बसवा.